मामाच्या गाडीची मागची चाकं

मामाची गाडी तुम्ही दोघा नातवंडांनी पाहिलीत तेव्हा ती नुकतीच खाली बसवलेली होती. तुम्ही लहान होतात, तुम्हाला ती बरोबर उंचीची वाटली. वाकावं लागायचं ते मला. आधी बसायचं आणि मग एकेक पाय आत घ्यायचा, ही युक्ती मामानेच मला शिकवली. "आई, खुर्चीवर बसतेय असं समजू नकोस, पाटावर बसतेय असं समज," तो म्हणायचा.

गाडी जुनी, पांढरी, दुसऱ्याकडून घेतलेली. तिच्या मूळच्या स्प्रिंगा काढून त्याने आखूड स्प्रिंगा बसवल्या, त्यामुळे ती जमिनीच्या अगदी जवळ आली. समोरच्या बंगल्यातले काका येता-जाता विचारायचे, "काय रे, गाडी दमली का?" तो म्हणायचा, "दमली नाही काका, मुरलीय." रस्त्यातला गतिरोधक आला की तो गाडी तिरकी करून एकेक चाक चढवायचा आणि तोंडाने "सावकाश, सावकाश" म्हणायचा, जणू गाडीत कोणी म्हातारं माणूस आहे. माझ्यासारखं.

तो गेला तेव्हा तुम्हाला येता आलं नाही. तुम्ही फोनवर जे पाहिलंत त्याहून अधिक मी इथे लिहिणार नाही. स्वादुपिंडाचा आजार होता आणि तो लांबला, एवढं तुमच्या आईने सांगितलं असेलच. पण त्यानंतर या गाडीचं काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही, आणि ते सांगण्यासारखं आहे.

तुमची मामी विंचूरला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. मामा होता तेव्हा तो तिला औरंगाबाद नाक्यापर्यंत सोडायचा आणि तिथून ती बसने जायची. तो गेल्यावर ती रिक्षाने नाक्यावर जाऊ लागली. संध्याकाळी परत येताना बस मिळाली तर ठीक, नाही तर कांद्याचे ट्रॅक्टर एकामागे एक लागलेल्या त्या रस्त्यावर कोणाच्या तरी जीपमध्ये. घरी यायची ती गप्प. जेवायची, भांडी आवरू लागायची, आणि खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. मला वाटायचं, प्रवासाने थकते. त्या वर्षी मला एवढंच हवं होतं की तिने या घरातून कामाला जावं आणि याच घरात परत यावं. मुलगा गेला होता. सून जाऊ नये. आणि माझ्या मनाने ठरवून टाकलं की ती टिकेल की नाही हे त्या रस्त्यावर अवलंबून आहे.

उन्हाळा लागला तेव्हा तिने एक दिवस आजोबांना विचारलं, "बाबा, गाडी नेऊ का मी?"

गाडीवरचं कापड तोपर्यंत आजोबांशिवाय कोणी काढलेलं नव्हतं. दर रविवारी ते इंजिन सुरू करायचे, थोडा वेळ चालू ठेवायचे आणि बंद करायचे. ते म्हणाले, "ने."

ती संध्याकाळी परत आली आणि आजोबांसमोर किल्ली ठेवली. वाटेत चांदोरीच्या पुढे ट्रक शेजारून गेला तशी गाडी मागून हलली, पाण्यातल्यासारखी. "पुढचं मी धरलंय, पण मागचं कोणी दुसरंच चालवतंय असं वाटतं," ती म्हणाली. आजोबांनी लगेच पार्किंगमध्ये जाऊन मागच्या टायरच्या आतल्या बाजूने हात फिरवला. बाहेरून टायर चांगले दिसत होते. आतली कड इतकी झिजली होती की त्यांच्या बोटांना रबराखालच्या पोलादी तारा लागल्या.

तुम्हाला हे समजावं म्हणून एक करा. दोन्ही तळहात समोरासमोर उभे धरा, बोटं पुढे. ही मागची दोन चाकं. आता दोन्ही हातांच्या वरच्या कडा एकमेकींकडे झुकवा. मग बोटांची टोकं थोडी बाहेर उघडा. गाडी खाली बसवली की मागची चाकं अशी होतात: वरून आत झुकतात आणि पुढून बाहेर फाकतात. एक डावीकडे जाऊ बघतं, दुसरं उजवीकडे, आणि गाडी त्यांना सरळ फरफटत नेते. त्यात टायर खाल्ले जातात, आणि जोरात जाताना गाडीचा मागचा भाग डगमगतो. मामा होता तेव्हा तो दर काही महिन्यांनी हे स्वतः बघायचा. आजारपणात ते राहिलं.

गाडी चाकांच्या अलाइनमेंटच्या दुकानात न्यायची तर रॅम्पवर चढतानाच तिचा बंपर टेकला. दुसऱ्या दुकानात त्यांनी सांगितलं की पुढची चाकं सरळ लावून देतो, मागची हलत नाहीत.

"हलतात," आजोबा मला घरी आल्यावर म्हणाले. "तो हलवायचा."

आजोबांची सगळी नोकरी सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली, हे तुम्हाला माहीत आहे. मोजमापाची त्यांना भीती नाही. पण मामा हे कसं करत होता ते त्यांनी कधी नीट पाहिलेलं नव्हतं, आणि त्याबद्दलचं लिखाण सगळं इंग्रजीत होतं. इंग्रजी हे माझं खातं. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजीच शिकवलं. परदेशातल्या कोणा हौशी माणसाने घरच्या घरी मागची चाकं सरळ कशी करायची ते सविस्तर लिहून ठेवलं होतं. ते मी फोनवर मोठ्या अक्षरांत करून मराठीत वाचून दाखवलं. आजोबा मध्ये मध्ये थांबवायचे, "पुन्हा वाच," म्हणायचे, आणि डोळे मिटून ऐकायचे.

मामीने एकदा सुचवलं, "बाबा, जुन्या स्प्रिंगा माळ्यावर आहेत. गाडी परत वर केली तर हा प्रश्नच राहणार नाही."

"त्याने केली तशी राहील," आजोबा म्हणाले. तो विषय तिथे संपला.

मग आमची पार्किंगची जागा टूलरूम झाली. चारही चाकांखाली जाड लाकडी ठोकळे आले, कारण त्याशिवाय आजोबा गाडीखाली मावत नव्हते. गवंडी वापरतात तशी पाण्याची पारदर्शक नळी धरून आम्ही चारही ठोकळ्यांची पातळी एक केली. ठोकळ्यांवर दोन दोन टाइल्स, त्यांच्या मध्ये ग्रीस, म्हणजे चाकाला हवं तसं सरकता येईल. आधी ओळंबा सोडून चाकांचा झुकाव कमी केला. त्यात एक शनिवार-रविवार गेला. मग गाडीच्या दोन्ही बाजूंना लाईनदोरी ताणली, चाकांच्या मध्यापासून मोजून. ती गाडीला समांतर आहे ना, हे पाहण्यातच आजोबांचा अर्धा दिवस जायचा. त्यानंतर माझं काम. दोरीपासून मागच्या चाकाच्या रिमची पुढची कड किती लांब आणि मागची कड किती लांब, ते मी पोलादी पट्टीने मोजून सांगायचं. आजोबांनी खालून एक बोल्ट थोडा फिरवायचा. गाडी हाताने दाबून सोडायची, म्हणजे ती बसते. आणि मी पुन्हा मोजायचं.

"वाच," खालून आवाज यायचा.

"अठरा. नाही, साडेअठरा."

"नाही म्हणायचं नाही. नीट बघून एकदाच सांगायचं."

"चष्मा घसरतोय माझा."

"मग आधी चष्म्याची अलाइनमेंट कर."

कित्येक महिन्यांत ते पहिल्यांदा असं काही बोलले होते. मी चष्मा वर केला आणि पुन्हा मोजलं.

त्या लिखाणात पुढे एक वाक्य होतं, ते मी एका शुक्रवारी वाचलं. गाडी चालवणाऱ्याच्या वजनाइतका भार त्याच्या सीटवर ठेवावा आणि मगच मोजावं, कारण माणूस बसला की गाडी एका बाजूला थोडी दबते आणि चाकांचा कोन बदलतो.

आजोबा गाडीखालून बाहेर आले. "हे मला सुचायला हवं होतं," ते म्हणाले. "ज्या लोडवर चालणार, त्याच लोडवर मोजायचं. कामावर आम्ही दुसरं काय करत होतो?" आणि ते जिना चढून वर गेले.

वर्षाचे गहू त्याच आठवड्यात आले होते. ऊन देऊन, निवडून पिंपात भरायचे होते, म्हणून पोती गॅलरीतच होती. आजोबांनी न्हाणीघरातला वजनकाटा गॅलरीत आणला. त्यावर एक पोतं ठेवलं, त्याच्यावर दुसरं ठेवून त्यात डब्याने गहू भरत राहिले, काढत राहिले, पुन्हा घालत राहिले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. आकडा ब्याऐंशीवर आला तेव्हा ते थांबले.

ब्याऐंशी किलो मामाचं वजन होतं, आजारी पडण्याआधीचं. त्याचं शेवटचं वजन मला माहीत होतं. दवाखान्यात दर आठवड्याला त्याला काट्यावर मी उभं करत असे, आणि तो आकडा मी आजोबांना सांगत नसे. तेही विचारत नसत. एका बाजूने पोतं मी धरलं, दुसऱ्या बाजूने त्यांनी, आणि एकेक पायरी उतरत आम्ही दोन्ही पोती खाली नेली. सीटवर एकावर एक ठेवल्यावर वरचं पोतं कलंडायला लागलं, म्हणून आजोबांनी त्याला सीटबेल्ट लावला.

दुसऱ्या दिवशी शनिवार, मामीला अर्धी सुट्टी. ती दुपारी आली तेव्हा आम्ही मोजत होतो.

"आई, गव्हाला बेल्ट?" ती म्हणाली. "पार्किंगमध्ये पोलीस पकडतात का?"

"पडू नये म्हणून लावलाय," आजोबा खालून म्हणाले.

ती हसली. हसत हसतच तिने खिडकीतून आत पाहिलं, आणि मग शेजारी ठेवलेला वजनकाटा तिला दिसला. तो पुन्हा एकदा खात्री करायला आजोबांनी खाली आणलेला होता.

"बाबा, किती ठेवलंय?"

पान्याचा आवाज थांबला.

"बाबा?"

"ब्याऐंशी."

ती खांद्यावरची पर्स न काढता तशीच उभी राहिली. समोरच्या बंगल्यात कोणीतरी कुंड्यांना पाणी घालत होतं, तो आवाज येत होता. मग ती म्हणाली, "बाबा, मी छप्पन्न किलो आहे."

"गाडी त्याची आहे," आजोबा म्हणाले.

"त्याचीच आहे. पण चालवणार मी आहे ना?"

त्यात कुठे राग नव्हता. ती वर निघून गेली. आजोबा गाडीखालून लवकर बाहेर आले नाहीत. मी जमिनीवर पाटावर बसून होते. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते, घोट्यापाशी ग्रीस लागलेले. नंतर ते आले, हात पुसले, पलीकडचं दार उघडलं आणि बेल्टचं बटण दाबलं. बेल्ट सरकन मागे गेला. पोती वर नेताना त्यांनी मला हात लावू दिला नाही. मामी जिन्यात आली आणि तिने दुसरं टोक धरलं, ते मात्र त्यांनी धरू दिलं. संध्याकाळी मी ते गहू पिंपात ओतले, कडुलिंबाचा पाला घातला आणि झाकण लावलं.

रविवारी सकाळी मामी गाडीत बसली. आजोबांनी तिला सांगितलं, "पाठ टेकून बस. हात स्टिअरिंगवर. चालवताना बसतेस तशी."

"किती वेळ, बाबा?"

"होईपर्यंत."

"मग आई, रेडिओ तरी लावा. नाही तर मला इथेच झोप लागेल."

तिचं वजन बसल्यावर सगळे आकडे बदलले. आदल्या दोन दिवसांचं काम पुन्हा करावं लागलं. आजोबा कुरकुरले नाहीत. मी आकडे सांगत राहिले, ते बोल्ट फिरवत राहिले. डावं चाक जमलं. उजव्या चाकापाशी मी पट्टी लावून बसले होते, तिच्या खिडकीच्या थोडी मागे. तिचा चेहरा मला बाजूच्या आरशात दिसत होता.

"बाबा," ती म्हणाली, "मी जूनपासून विंचूरलाच राहणार आहे. खोली बघितलीय. कंपनीतली एक मैत्रीण आहे सोबत."

खाली पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"गाडी नीट झाली की जाणं-येणं सोपं होईल," मी म्हणाले. "तू तर रस्त्यालाच कंटाळली होतीस."

"रस्त्याला नाही, आई." आरशात तिने माझ्याकडे पाहिलं. "रात्री त्या खोलीत मला त्याचा श्वास ऐकू येतो. शेवटी शेवटी घ्यायचा तसा. मी उठून बसते. मग उजाडेपर्यंत तशीच. बसमध्ये झोपते मी, जाताना आणि येताना. तुम्हाला कसं सांगायचं ते कळत नव्हतं."

त्या भिंतीच्या अलीकडे मी झोपत होते. ती दमते ती प्रवासाने, असं धरून मी चाकं मोजत होते. पट्टी माझ्या हातात होती, रिमला टेकलेली. तिला राहा म्हणावं तर कशासाठी? त्या खोलीत?

मामी गाडीच्या दाराकडे वळली, बहुधा आजोबांना बघायला.

"हलू नकोस," आजोबा खालून म्हणाले. "रीडिंग बदलतं."

ती पुन्हा पाठ टेकून बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायलाही तिने हात उचलला नाही.

"वाच," आजोबा मला म्हणाले.

मी आकडा वाचला. एकदाच, नीट बघून.

त्यांनी बोल्ट फिरवला. मी पुन्हा वाचला. असं दोनदा झालं. मग ते बाहेर आले, खिडकीपाशी उकिडवे बसले आणि तिच्याकडे न बघता हातातल्या चिंधीकडे बघत म्हणाले, "सामान किती असेल?"

"फार नाही, बाबा."

"फार नाही म्हणजे किती? डिकी भरेल?"

"भरेल बहुतेक."

"मग आत्ताच ठेव. मागे वजन आलं की मागची चाकं सगळ्यात जास्त बदलतात. रिकाम्या डिकीवर लावून दिलं तर पहिल्याच दिवशी चुकीचं ठरेल."

"आत्ता? काही भरलेलं नाही मी."

"भरा दोघी. आणि नेणार तेच ठेवा. अंदाजाने नको."

अशी तुमच्या मामीची निघायची तयारी झाली, एका मोजमापासाठी, घामाने भिजलेल्या दुपारी. ती कपाटातून कपडे काढत होती आणि मी घड्या घालत होते. नेणार तेच ठेवायचं होतं, म्हणून प्रत्येक वस्तूपाशी ती थांबायची. मामाचा एक निळा शर्ट तिने बाजूला ठेवला, मग बॅगेत घातला, मग माझ्याकडे पाहिलं. मी घडी नीट करून परत बॅगेत घातला. स्वयंपाकघरातून मी लहान कुकर, तवा, पोळपाट-लाटणं दिलं. डाळ, तांदूळ, मसाल्याचा डबा. गव्हाचं पीठ दिलं ते भरपूर दिलं, ती म्हणाली, "आई, एकटीला एवढं?" मी म्हणाले, "मैत्रीण आहे ना." खोलीबद्दल, तिथल्या पाण्याबद्दल, कडी-कोयंड्याबद्दल मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. इतकं आम्ही दोघी त्या वर्षात बोललो नव्हतो.

सगळं डिकीत ठेवलं, ती पुन्हा सीटवर बसली, आणि आजोबांनी दोन्ही चाकं पहिल्यापासून लावली. ऊन उतरलं तेव्हा त्यांनी शेवटचा बोल्ट आवळला, त्यावर रंगाचा एक ठिपका लावला, म्हणजे पुढे कधी तो फिरला तर कळेल, आणि मामीला रंग कुठे बघायचा ते दाखवलं. "खडखडाट आला, गाडी ओढायला लागली, तर थांबायचं. तशीच दामटायची नाही. मला फोन करायचा."

"करीन, बाबा."

"मी येईन. बसने येईन."

मे संपायला काही दिवस होते. तेवढे दिवस सामान डिकीतच राहिलं. वर आणून ठेवू असं कोणी म्हणालं नाही, आणि तिला लागणारे चार कपडे तिने खोलीत ठेवले होते.

ती गेली ती एका सोमवारी, सकाळी लवकर. देवाला नमस्कार केला, आम्हाला केला. मी तिच्या हातावर दही दिलं. फाटकासमोर मी नेहमीप्रमाणे सडा घातलेला होता. तिने गाडी हळूच बाहेर काढली, ओल्या रस्त्यावरून वळवली, कोपऱ्यावरच्या गतिरोधकापाशी तिरकी केली आणि एकेक चाक चढवून पलीकडे गेली. तिने मागे पाहिलं की नाही ते मला दिसलं नाही. आजोबा तिच्याकडे बघतच नव्हते. ते गाडीच्या मागच्या चाकांकडे बघत होते.

गाडी दिसेनाशी झाल्यावर ते रस्त्यावर उतरले. सड्याच्या ओलीत चाकांचे माग उमटले होते. गाडी सरळ झाली होती तिथे मागच्या चाकांचा माग पुढच्या चाकांच्या किंचित आतून गेला होता, डावीकडे जेवढा आत तेवढाच उजवीकडे. ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वीत लावून बघितलं.

"सारखं आहे," ते म्हणाले.

मी त्यांना चहाला आत बोलावलं. ते येतो म्हणाले, पण आले नाहीत. रस्ता वाळून माग दिसेनासे होईपर्यंत ते तिथेच उभे होते.